टार्पलींच्या पंख्यावरचा चेहरा

सॅटर्स फेरी, अलाबामा
११ मार्च १९७३

प्रिय नेल,

तुझं गुडघ्यांचं रडगाणं पोचलं. क्लीव्हलँडच्या थंडीत माणसं राहतात तरी कशी, हे देवालाच ठाऊक. इकडे ये, आठ दिवसांत नाचायला लागशील.

मला मात्र आज एका भलत्याच संकटानं गाठलंय. ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी आपल्या न्यू बेथेस्डा चर्चला शंभर वर्षं होतात. उत्तरेकडं गेलेली सगळी मंडळी त्या दिवशी घरी येणार, तशी तुलाही यावं लागेल. टार्पली मयतवाले त्यासाठी हातपंख्यांची नवी खेप काढणार आहेत. पुढं चित्र, मागं त्यांच्या मयताच्या धंद्याची जाहिरात, नेहमीप्रमाणे. इतकी वर्षं पुढच्या बाजूला तो निळ्या डोळ्यांचा गोरा येशू होता. आपले नवे रेव्हरंड ऑडम (केस हे एवढे, दारातून आत येताना आधी केस येतात आणि मग रेव्हरंड) सभेत उभे राहिले आणि म्हणाले, "आपण आपल्याच चर्चमध्ये, आपल्याच घामाला वारा घालतोय, तर चेहराही आपलाच पाहिजे. काळा पाहिजे." सगळ्यांनी "आमेन" म्हटलं, मीही म्हटलं. मला काय ठाऊक, त्या आमेननं मी माझ्याच पायावर धोंडा पाडून घेतेय!

पाचच मिनिटांत माझं नाव आलं. का, तर मी चाळीस वर्षं दारात उभी राहून लोकांना बाकांवर नेऊन बसवते. मी साफ नाही म्हटलं. पहिलं कारण, टार्पलींच्या पंख्यावर येशूशिवाय आजवर मेलेलीच माणसं आलीत. जुने रेव्हरंड ईझ्ली मेले तेव्हा आले, मास्तरीणबाई पिंकनी मेल्या तेव्हा आल्या. दुसरं कारण तुला सांगायला नको. पाचशे लोकांनी माझं तोंड हातात धरून हलवायचं? देवानं मला हात चांगले दिले, आवाज चांगला दिला. तोंडाचं आपण बोलायला नको.

तेव्हा मी सांगून टाकलं, माझी बहीण व्हर्नेल हिचा फोटो घाला, ती दिसायला देखणी आहे. एप्रिल संपायच्या आत एक चांगलासा पाठव.

तुझी,
ऑरी


क्लीव्हलँड, ओहायो
२० मार्च १९७३

प्रिय सिस,

तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? मी सॅटर्स फेरी सोडून एकोणतीस वर्षं झाली. त्या चर्चला मी दोनदा देणगी दिली आणि एकदा त्यांची फुलदाणी फोडली, एवढंच माझं कार्य. माझ्या तोंडानं वारा घेऊन लोकांना घामच जास्त फुटायचा!

तू दारात उभी असतेस तेव्हा कशी दिसतेस, हे तू कधी बघितलंयस? बघणार तरी कशी, तू आरशासमोर फक्त टोपी सारखी करायला जातेस. पांढराशुभ्र गणवेश, पांढरे हातमोजे आणि त्यात तुझा तो काळाभोर चेहरा. आमच्या इथल्या चर्चमध्ये दारात बायका उभ्या असतात, पण त्यांच्याकडं बघून माणूस गप्प बसत नाही. तुझ्याकडं बघून गप्प बसतो. पोरंच कशाला, चर्चचे कारभारी डीकन लोकसुद्धा.

फोटो काढून घे. देवानं दिलेलं तोंड आहे, उसनं आणलेलं नाही.

तुझी,
नेल

ता. क. गुडघे तसेच आहेत. विचारलं नाहीस म्हणून सांगितलं.


सॅटर्स फेरी
२ एप्रिल १९७३

प्रिय नेल,

उंटावरून शेळ्या हाकायला तुला काय जातंय! लिंबाच्या सालीसारखा रंग घेऊन जन्मलीस, तुला आरशाचं कौतुक असणारच.

तरी तुझं ऐकलं. टार्पलींनी फोटोवाला चर्चमध्येच आणला. मी ईस्टरची जांभळी टोपी घातली, ती मोठ्या कडांची. फोटो धुऊन आला तर नुसती टोपी आणि खाली हनुवटी. हॉरेस टार्पली म्हणाले, "सिस्टर ऑरीथा, टोपी उत्तम आली आहे. पण टोपीला पंख्यावर घालून मी लोकांना काय सांगू?" म्हटलं, सांगा, आत मी आहे. ते हसले. मयतवाल्याच्या मानानं त्या माणसाला हसू फार लवकर येतं.

तुला तो नाताळ आठवतो का? मी नऊ वर्षांची, तू सहाची. देवदूताचं सगळं भाषण मला पाठ होतं, झोपेतही म्हणायचे. मास्तरीणबाईंनी आपल्या दोघींना शेजारी उभं केलं, दोघींचे हात तपकिरी कागदी पिशवीला लावून कोण पिशवीहून उजळ ते बघितलं आणि पंख तुला बांधले. तू तिथं उभी राहून सगळं विसरलीस आणि मी पडद्यामागून म्हणत गेले. लोक म्हणाले, काय गोड देवदूत! आणि आवाज तर काय! मला राग नाही, ती गोष्ट जुनी झाली. पण आता साठी उलटल्यावर पुन्हा कागदी पिशवीला हात लावायला मी जाणार नाही.

मी देवाकडं आजवर सगळं मागितलं, पावसापासून ते तुझ्या नवऱ्याच्या नोकरीपर्यंत. पण माझ्या रंगाबद्दल त्याच्याशी कधी बोलले नाही. वाटायचं, त्याच्या हातून चूक झालीच असेल तर ती आपण कशाला काढायची? झाकून घ्यावी. इतकी वर्षं त्यानंही माझं बरंच झाकून घेतलंय.

तुझा फोटो पाठव. हे शेवटचं सांगणं.

ऑरी


क्लीव्हलँड
१६ एप्रिल १९७३

प्रिय सिस,

बरं बाई, तू जिंकलीस. सोबत एक बंद पाकीट आहे. त्यावर मिस्टर टार्पलींचं नाव घातलंय. आत फोटो आहे. जुना आहे, पण माझ्याकडं आहे तो सगळ्यात चांगला. उघडू नकोस, कोपरे दुमडतील. तसंच नेऊन त्यांच्या हातात दे.

तुझी,
नेल


सॅटर्स फेरी
२५ एप्रिल १९७३

प्रिय नेल,

पाकीट पोचवलं. उघडलं नाही, तुझं तोंड मी पुरेसं बघितलंय. टार्पलींनी माझ्यासमोरच फोडलं. फोटो बघितला, मग माझ्याकडं बघितलं, मग परत फोटोकडं. शेवटी म्हणाले, "सिस्टर ऑरीथा, मला फार आनंद झाला." म्हटलं, होणारच, आमच्या घरचं नाक आहे ते. म्हणाले, "दिसतंयच." मग म्हणाले, छापखान्यातून पंखे आले की आमंत्रणाबरोबर एकेक पंखा उत्तरेकडच्या सगळ्या कुटुंबांना मीच परस्पर टपालानं पाठवून देतो, चर्चला तोशीस नको.

माणूस भला आहे. निघताना मला मोटारीपर्यंत सोडायला आले. मयताची मोटार होती, पण पुढच्या सीटवर बसवून घरी पोचवलं.

आता माझ्या डोक्याला शांतता. घेवडा लावलाय.

ऑरी


क्लीव्हलँड
९ जून १९७३

प्रिय सिस,

हे पत्र वाचायच्या आधी बस. हातात काही जड असेल तर खाली ठेव.

मंगळवारी सकाळी शिकागोहून थॅडियसची तार आली, "ऑरीच्या जाण्यानं फार दुःख झालं, देव तुला बळ देवो." थॅडियस म्हणजे आपला सख्खा चुलतभाऊ, त्याची तार खोटी कशी मानू? माझ्या हातातली कपबशी खाली पडली. तुला फोन लावला. तू उचललास आणि नेहमीसारखी खेकसलीस, "कोण आहे?" मला इतका आनंद झाला की तोंडातून शब्द फुटेना. रडत रडत फोन ठेवून दिला. तो मुका फोन माझा होता.

दुपारी टपालानं पंखा आला आणि उलगडा झाला. पंख्यावर तू आहेस, सिस. तू एकोणीस वर्षांची असतानाचा फोटो. खाली छापलंय, "ऑरीथा मे स्टॉलवर्थ, १९३३–१९७३." त्याखाली बारीक अक्षरात "सेवेची चाळीस वर्षं" असंही आहे, पण ते वाचायला चष्मा लागतो. आणि मागं मोठ्या अक्षरात टार्पली मयतवाले. आता आपल्या माणसांनी दुसरं काय समजावं? एकीनं तर मला विचारलं, "चाळिशीतच गेली का गं बिचारी?"

पाकिटात तुझा फोटो मी घातला होता. तू जळणाच्या पेटीत टाकलेलास तो, १९३१ सालचा. मी तेव्हाच काढून घेतला होता आणि इकडं येताना पेटीत घालून आणला. माझ्याकडं तुझा दुसरा फोटोच नाही, तू कधी काढूच दिला नाहीस. वाटलं, एकदा छापून आला की तूही बघशील आणि तुला पटेल. तुला फसवलं, हे खरं. मार, रागाव, काय करायचं ते कर.

तुझ्या दुखवट्याची तेवीस पत्रं माझ्याकडं आलीत. सगळी सोबत पाठवतेय. ती तुझीच आहेत.

तुझी,
नेल


सॅटर्स फेरी
१७ जून १९७३

नेल,

"प्रिय" लिहीत नाही, समजून घे.

तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशीच मला माझ्या मरणाची बातमी कळली होती. शेजारच्या तालुक्यातून सिस्टर लुडी बेक्टन आली, एका हातात भाजलेला हॅम, दुसऱ्या हातात बटाट्याचं सॅलड. दार मी उघडलं. तिनं जी किंकाळी फोडली, ती नदीपलीकडं ऐकू गेली असेल. सॅलड पायरीवर सांडलं. हॅम वाचला. मी तिला पाणी पाजलं, वारा घातला, आणि ती शुद्धीवर येऊन मलाच म्हणते, "तुझ्या घरचे सांत्वनाला कुठं बसलेत?" तिच्या उत्तरेकडच्या भावानं तिला पाठवलेला पंखा तिच्या पिशवीत होता, तो तेव्हा बघितला.

मी तशीच टार्पलींकडं गेले. दार न वाजवता आत शिरले. ते एका खऱ्या मयताच्या कामात होते, तरी मी थांबले नाही. ते बिचारे पांढरे पडायचे तेवढे पडले. म्हणाले, "सिस्टर ऑरीथा, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. तुम्हीच तर पाकीट आणून दिलंत. आणि म्हणालात, आमच्या घरचं नाक आहे." चर्चसाठीचे पाचशे पंखे त्यांच्या गोदामात पडून आहेत. म्हणाले, तुम्ही म्हणाल तर सगळे जाळून टाकतो आणि पुन्हा तो गोरा येशू छापतो. महिनाअखेरपर्यंत सांगा.

जाळा म्हणून सांगायलाच दुसऱ्या दिवशी निघाले होते, तेवढ्यात तुझं जाडजूड पाकीट आलं.

तो फोटो मी जळणात का टाकला, ते तुला आईनं कधी सांगितलं नसेल. आईनं फोटोवाल्याला जादा पैसे देऊन माझा रंग उतरवून घेतला होता. पाहुणे आले की दाखवायची आणि म्हणायची, "बघा, उजळ असती तर आमची ऑरी अशी दिसली असती." आई वाईट नव्हती गं. तिला वाटायचं, जगात माझं सोपं व्हावं. पण मी तिथंच उभी असायचे.

आणि तू नेमका तोच फोटो पाचशे लोकांच्या हातात दिलास.

पत्रं अजून फोडली नाहीत. आज फार तापलेय.

ऑरीथा


क्लीव्हलँड
२३ जून १९७३

प्रिय सिस,

रंग उतरवल्याचं मला ठाऊक नव्हतं. देवाशपथ नव्हतं. मला त्यात फक्त तू दिसायचीस.

पण एक गोष्ट ठाऊक होती, ती आज लिहून टाकते. त्या नाताळात पंख मला का बांधले, हे मला सहाव्या वर्षीही कळलं होतं. आणि मला ते आवडलं होतं. पुढंही आवडत राहिलं. दुकानात मला आधी विचारायचे, पोरं माझ्याशी आधी बोलायची, आणि मी कधी मागं वळून म्हटलं नाही की आवाज माझ्या बहिणीचा आहे. मला त्याची लाज वाटते, सिस. तो फोटो पाठवला तेव्हा वाटलं होतं, आता तरी पंख तुला बांधते. तेही मी उलटेच बांधले.

पत्रं फोड. मी सगळी वाचलीत, म्हणून सांगतेय.

नेल


सॅटर्स फेरी
२९ जून १९७३

प्रिय नेल,

पत्रं फोडली. पडवीत बसून एका बैठकीत सगळी वाचली. हॅम खात वाचली, माझ्या मयताचाच होता.

तुला ठाऊक आहे त्यांत काय आहे, तरी मी लिहिणार. थॅडियस लिहितो, "पंख्यावर तिला इतकी फिकी कुणी केली? आमची ऑरी पिकल्या ब्लॅकबेरीसारखी होती. त्या टार्पलीला सांग, पेटीत ठेवताना तरी तिला भलती पावडर फासू नकोस. स्वर्गात आम्ही तिला ओळखायचं कसं?" हे मी टार्पलींना वाचून दाखवलं. ते इतके चिडले! म्हणाले, बत्तीस वर्षांत मी एकाही माणसाचा रंग बदललेला नाही.

डेल्मर यान्सी आठवतो? कोरियाच्या लढाईवरून आलेला. तो लिहितो, "आगगाडीतून उतरून सरळ चर्चमध्ये गेलो. दारात सिस्टर ऑरीथा उभी होती, काळी तुकतुकीत, पांढऱ्या हातमोज्यांत. तिनं बोट वर केलं आणि मला माझ्या जुन्या बाकावर नेलं. तेव्हा मला कळलं की मी घरी आलोय. तो चेहरा मी दोन वर्षं त्या थंडीत डोळ्यांपुढं ठेवला होता." नेल, त्या मुलाशी मी उभ्या आयुष्यात दहा वाक्यं बोलले नसेन!

आणि रूबी डेल मॅकॉर्ड. डेट्रॉइटहून. शाळेत मला डांबर म्हणून हाक मारायची तीच. ती लिहिते, "मी तिला जे म्हणायचे ते तुला ठाऊक आहे. खरं सांगते, मला तिच्यासारखं ताठ चालता यायचं नाही, म्हणून म्हणायचे. तिची कातडी उन्हात अशी चमकायची की मी घरी जाऊन हाताला तेल चोळायचे. माफी मागायची होती. आता कुणाकडं मागू?"

तिचा पत्ता पाकिटावर होता. मी लगेच कार्ड टाकलं. "प्रिय रूबी डेल, मी मयत बोलतेय. तुझं पत्र पोचलं. तू काय म्हणायचीस ते मला तारीखवार आठवतं. माफ केलं. ऑगस्टमध्ये ये. पण पाउंड केक घेऊन ये, रिकाम्या हातानं आलीस तर दारातूनच परत पाठवीन. दारात मीच असते."

तेवीस पत्रं, नेल. त्यातल्या अकरांनी तक्रार केलीय की पंख्यावरचा रंग माझा नाही. अकरा जणांना माझा रंग पाठ आहे!

रात्रीपर्यंत थांबवेना, दिवसाढवळ्या स्वयंपाकघरातच गुडघे टेकले आणि पहिल्यांदाच देवाशी तो विषय काढला. म्हटलं, प्रभू, साठ वर्षं मी समजत होते की तुझी चूक मी पदरात झाकून घेतेय. चूक नव्हतीच, होय ना? तू नीट बघून, हाताला वेळ देऊन केलं होतंस, आणि मी त्यावर टोपी घालून फिरले. मला क्षमा कर. मग खूप रडले. तुझी बहीण रडली, हे कुणाला सांगू नकोस.

तुझ्या पत्राबद्दल: तू सहा वर्षांची होतीस. पुढचं आपण ऑगस्टमध्ये समोरासमोर भांडू आणि मिटवू. भांडायचं आहे, सोडणार नाही.

उद्या टार्पलींकडं जातेय. पंख्यांचं काय करायचं ते ठरलंय.

तुझी,
ऑरी


सॅटर्स फेरी
१२ जुलै १९७३

प्रिय नेल,

जुने पाचशे जाळून टाकले. टार्पलींनी स्वतः काडी लावली. मग मी म्हटलं, आता नवे छापा, आणि त्यावर मी. आत्ताची.

त्यांनीच मला शहरातल्या स्टुडिओत नेलं. या खेपेला मयताची मोटार नव्हती, स्वतःची आणली होती, धुऊन पुसून. (आगाऊपणानं काही विचारू नकोस. विचारलंस तर सांगीन की मी अजून उत्तर दिलेलं नाही.) फोटोवाला पोरसवदा, आपल्यातलाच. मी खुर्चीवर बसले, टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. त्यानं दिवा लावला, माझ्याकडं बघितलं आणि अगदी सहज, चहात साखर किती विचारावं तसं विचारलं, "बाई, धुताना थोडं उजळ करू ना? सगळेच करून घेतात. त्याचे वेगळे पैसे नाहीत."

टार्पली माझ्या मागं खोकले. मी त्या पोराला जवळ बोलावलं आणि म्हटलं, "बाळा, ज्यानं मला केलं, त्यानं काम झाल्यावर एकदा नीट बघून चांगलं झालंय म्हटलेलं आहे. तू मध्ये पडू नकोस."

तो खजील झाला, हसला आणि दिवा थोडा सरकवला. मग म्हणाला, "तसं असेल तर इकडं बघा, हनुवटी वर." हनुवटी वर करायला मला कुणी सांगायला लागत नाही, तुला ठाऊक आहे.

काल फोटो आला. पंख्यावर तोच जाणार. खाली साल नको, नुसतं नाव घाला आणि "दारात भेटा" असं लिहा, असं सांगितलंय. एक प्रत तुझ्यासाठी सोबत घालतेय.

स्वयंपाकघरात उजेड चांगला असतो, तिथं तो टेबलावर टेकवून ठेवला आणि घेवडा सोलता सोलता बघत बसले. कपाळ बघितलं, गाल बघितले, तो सगळा काळा रंग बघितला. घेवडा तसाच राहिला. नेल, मी सुंदर आहे गं. आणि हे इतक्या माणसांना ठाऊक होतं, फक्त मला सांगायला सगळे मी मरायची वाट बघत होते!

तुझी,
ऑरी